शिकलेला पाय

हे वाचायला घेतलेल्या बाईने आधी एक काम करावं. चप्पल काढावी, पाय मांडीवर घ्यावा आणि तळवा बघावा. मांडीवर येत नसेल तर खाली आरसा धरावा. तेवढा वेळ मी थांबते.

नाही ना बघितलात? माहीत होतं मला. मीही बघितला नसता. गॅसवर दूध असतं, आतून कोणीतरी हाक मारत असतं, आणि पाय काय, तो आपल्याच अंगाला आहे, जातोय कुठे. माझा गेला. उजवा, गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा कापला. म्हणून हे लिहितेय. मला कीव नको आणि शाबासकीही नको. ‘धीराची बाई’ असं कोणी म्हणालं की आता डोकं फिरतं. धीरबीर काही नव्हता, पायाला कळतच नव्हतं.

मी शमीम. रत्नागिरीत मिरकरवाड्यात राहते. नवरा लतीफ दोह्याला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. घरी मी, मुलगी नाझिया आणि सासू. सासूला सगळा मोहल्ला दादी म्हणतो, म्हणून मीही दादीच म्हणते. बारावीपर्यंत शिकले आहे, त्यामुळे चार ओळी लिहिता येतात.

बर्फावर

बंदरावर आमच्या कामाला ‘बर्फावर जाणं’ म्हणतात. ट्रॉलर लागला, लिलाव झाला, की व्यापाऱ्याने घेतलेली मासळी आम्ही बायका निवडतो, लहान-मोठी वेगळी करतो आणि क्रेटमध्ये भरतो. एक थर बर्फ, एक थर मासळी. खाली फरशीवर वितळलेला बर्फ, रक्त, खवले. त्यात सकाळभर उभं राहायचं. गमबूट असतात, पण एकदा आत पाणी शिरलं की ते बाहेर निघत नाही आणि चालताना पाय घसरतो, म्हणून बहुतेक जणी साधी रबरी चप्पलच घालतात.

नवीन बाईला पहिल्या हंगामात पाय रडवतात. आधी झोंबतात, मग ठणकतात, घरी आल्यावर आग आग होते. जुन्या बायका हसतात. “थांब गो, शिकंल पाय,” म्हणतात. आणि मग एक दिवस खरंच दुखायचं थांबतं. बाई बर्फात उभी असते आणि तिला काही वाटत नाही. पाय शिकला. त्या दिवशी तिने सगळ्यांना चहा पाजायचा, ही आमच्याकडची रीत. मी पाजला तेव्हा सुगंधाने माझ्या पाठीवर ओला हात मारला होता. सुगंधा म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी, बर्फावरच्या बायकांची मुकादमीणच म्हणा. “आता तू आमच्यातली,” म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी चहाबरोबर खारीही मागवली.

त्या चहाला कित्येक वर्षं झाली. आधीआधी घरी येऊन पायांना ऊब मिळाली की जाणीव परत यायची, मुंग्या यायच्या. नंतर कधीतरी ती परत यायची थांबली. कधी, ते मला सांगता येणार नाही, कारण न दुखणाऱ्या पायाकडे कोण लक्ष देतं? मला वाटलं, पाय आणखी शिकला. त्यातला बर्फाचा बधिरपणा कुठे संपला आणि साखरेचा कुठे सुरू झाला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

दादीचे पाय

साखर दादीला होती. माझ्या लग्नाआधीपासूनची. डोळे त्यातच अधू झाले. तरुणपणी तिने डोक्यावर पाटी घेऊन आतल्या गावांतून मासळी विकली, त्यामुळे तोंड असं की समोरच्याची साल निघावी. मी नवरी होऊन आले तेव्हा माझी हनुवटी वर करून म्हणाली, “रंग बरा हाय. हात चालतात काय ते बगू.” हात चालले. तेव्हापासून चालतच आहेत.

तिच्या डॉक्टरांनी मला सगळं समजावलं होतं. रोज सकाळी बोट टोचून साखर बघायची. तळवे बघायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. पाय धुवायच्या पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून बघायचं, कारण साखरेच्या पायाला चटका कळत नाही. मी हे सगळं रोज केलं, एक दिवस चुकवला नाही. ईदच्या सकाळी केलं, ताप असताना केलं, नाझियाच्या दहावीच्या पेपराच्या दिवशी केलं. दादीचे पाय अजून असे आहेत की दुकानात मांडावेत.

आणि मी? बर्फावरून आले की पातेलंभर पाणी उकळायचं, मीठ टाकायचं, थोडं टबात दादीसाठी गार पाणी घालून, कोपर लावून. उरलेलं माझ्या घमेल्यात तसंच. आपल्याला कोण कोपर लावत बसतंय! वाफ येत असायची आणि मी पाय बुडवून बसायची. वाटायचं, बर्फावरची बाई आहे, तिला असंच पाणी लागतं.

तहान लागायची. रात्रीतून उठावं लागायचं. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, बारीक झालीस गो, छान दिसतेस. साखर मोजायचं यंत्र माझ्याच हातात रोज सकाळी असायचं. दादीचं बोट पुसायचं, टोचायचं, आकडा बघायचा, यंत्र डबीत ठेवायचं. माझं बोट त्यापासून टीचभर लांब होतं. एक पट्टी स्वतःवर घालवावी असं एकदाही मनात आलं नाही. पट्ट्या दादीच्या होत्या.

नमाजासाठी वजू करताना पाय धुतले जातात, मग तुला दिसलं कसं नाही, असं नंतर एका नातेवाइकाने विचारलं. मी म्हटलं, धुणं वेगळं आणि बघणं वेगळं. भांडीही आपण न बघताच घासतो. त्यांना ते पटलं नाही. त्यांचं भांडं त्यांच्या बायकोने घासलेलं असतं.

वास

घमेल्यातल्या पाण्याने तळव्याला फोड आला असणार. फुटला असणार. त्यावर मी चप्पल घालून बर्फात उभी राहिले असणार. हे सगळं ‘असणार’ आहे, कारण मला त्यातलं काही कळलं नाही.

वास यायला लागला होता, पण माझ्या अंगाला वास कधी नव्हता? बर्फावरच्या बाईच्या केसांत, ओढणीत, नखांत मासळी असते. रिक्षावाले आम्हाला मागच्या सीटवर बसवताना तोंड वाकडं करतात. वास आला तरी कोण म्हणणार, हिचा पाय सडलाय? नाझियाने दोनदा साबण बदलला. मी बादलीत फिनेल टाकलं.

कळलं ते दादीला. मी तिच्या पायाशी बसून तिच्या बेचक्या पुसत होते. माझा पाय मुडपून तिच्या खाटेकडे आला होता. दादीचं नाक हललं. डोळ्यांनी दिसत नाही, पण उभा जन्म मासळी विकलेली बाई. ती उठून बसली.

“काय आणलास घरात?”

“काही नाही. कामावरून आले ती अशीच बसलेय.”

“ह्यो वास मासलीचा नाय.” तिने हात पुढे करून चाचपडलं, माझा गुडघा सापडला, तिथून खाली खाली हात नेला आणि माझ्या तळव्याला तिची बोटं लागली. तिने बोटं नाकाशी नेली. मग मला म्हणाली, “तू कुसलीस गो.”

मला राग आला. इतकी वर्षं हिचे पाय पुसतेय आणि ही मला कुसलेली म्हणते. मी फटकन म्हणाले, “तुमचं झालं असेल तर उठते.” ती ओरडली, “नाझिया! आईचा पाय बग!”

नाझिया आली. तिने माझा पाय उचलला, आणि तोंडावर हात ठेवून मोरीकडे पळाली. तिच्या ओकण्याचा आवाज ऐकून मी पहिल्यांदा वाकून माझा तळवा बघितला. तो कसा होता ते लिहीत नाही. नाझियाला अजून भात जात नाही कधी कधी.

“किती वर्षं आहे?”

डॉक्टरांनी माझं बोट टोचलं, आकडा बघितला आणि विचारलं, “साखर किती वर्षं आहे?”

मी म्हटलं, “मला नाही. माझ्या सासूला आहे.”

त्यांनी यंत्र माझ्याकडे वळवलं. तसा आकडा मी दादीचा कधी येऊ दिला नव्हता.

मग त्यांनी एक बारीक तार तळव्याला ठिकठिकाणी लावली. “इथे कळतं? इथे?” मी छताकडे बघत होते. बराच वेळ काही झालं नाही म्हणून म्हटलं, “लावा ना.” ते म्हणाले, “लावून झालं.” कसं दुखलं नाही तुम्हाला, असं विचारलं तेव्हा मी सांगितलं, तेही थोड्या अभिमानाने, की बर्फावर काम करते, माझा पाय शिकलेला आहे.

त्यांनी चष्मा काढला. “बाई,” म्हणाले, “हा पाय मेलेला आहे. तुम्ही मेलेल्या पायावर उभ्या राहून काम करताय.”

मला चहा आठवला. खारी आठवली. डॉक्टर पुढे पुष्कळ बोलले, बोटं काढावी लागतील, कोल्हापूरला न्यावं लागेल, उशीर झालाय. मी मात्र मनात त्या सगळ्या बायकांची तोंडं बघत होते ज्यांनी माझ्या आजाराच्या नावाने चहा पिऊन मला शाबासकी दिली होती.

बाहेर येऊन नाझियाने लतीफला व्हिडिओ कॉल लावला. तिनेच सगळं सांगितलं. त्याच्या मागे कसलं तरी मशीन चालू होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मग दादीचं कोण बघणार?”

मी फोन नाझियाच्या हातातून घेतला आणि बंद केला. नंतर त्याचे रडतानाचे आवाज मेसेजमधून आले. मी ऐकले. तो वाईट माणूस नाही. पण पहिला प्रश्न कोणता आला तो आला, आणि तो माझ्या कानातून काही जात नाही.

वॉर्ड

कोल्हापूरच्या दवाखान्यात सकाळ व्हायची ती ड्रेसिंगच्या ट्रॉलीच्या चाकांनी. चाकं वाजली की बायकांच्या वॉर्डात सगळ्या गप्प. कोणाकडे आधी जातेय, ते ऐकायचं. ज्यांच्या पायांत जीव होता त्या ओरडायच्या. मी ओरडायची नाही. बाजूच्या खाटेवरची म्हणायची, तुमचं बरं आहे. तिथली आया मोठ्या आवाजात बोलायची, रागावल्यासारखी. “रडायचं न्हाई बघ, जेव आधी,” असं म्हणून ताट आदळायची. पण तिने एकदा न सांगता माझी वेणी घातली. इतकी घट्ट की डोळे ताणले गेले. माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागून किती वर्षं झाली होती, ते तेव्हा लक्षात आलं आणि मी रडले. पाय कापायला निघाले होते तेव्हा रडले नव्हते.

आधी दोन बोटं गेली. मग डॉक्टर म्हणाले, वर चढतंय.

समोरच्या खाटेवर लांज्याच्या एक मावशी होत्या. त्यांचंही साखरेचंच, अंगठा काळा पडलेला. त्यांना पाय काढायला सांगितला तेव्हा मुंबईहून मुलगा आला. पडद्याआड बोलत होता, पण पडद्याला काय भिंत म्हणायचं? “लंगडी आई चाळीत कुठे ठेवू? संडास लांब. बायको नोकरीला जाते.” मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. तो बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, “भात लावनीला मीच लागते हो त्याला. पाय कसा काढू?” दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या, पायासकट. नाझिया दादीला मोहल्ल्यातल्या बायकांवर सोपवून ये-जा करायची; तिने मावशींच्या शेजारणीचा नंबर घेतला होता. काही दिवसांनी फोन केला तर मावशींचं सगळं आटोपलं होतं. पायासकट जाळलं की पायाशिवाय, एवढाच फरक त्या मुलाला पडला असेल. हे कडू वाटत असेल तर वाटू दे.

मावशी घरी गेल्या त्याच दिवशी माझ्यापुढे कागद आला. नर्स म्हणाली, “घरचं माणूस कोण आहे सही करायला?”

“मीच घरचं माणूस,” म्हटलं आणि सही केली.

आता जे सांगते ते कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. पाय कापल्यावर तो दुखायला लागला. नसलेला पाय. तळव्याला आग, बोटं पिरगाळल्यासारखी, टाचेत सुई. इतकी वर्षं मुका होता, आणि गेल्यावर बोंब मारायला लागला. मी चादर उचलून बघायची, खाली काही नाही. आया म्हणाली असं होतं पुष्कळांना. मी त्या रिकाम्या जागेला शिव्या घातल्या, अगदी बंदरावरच्या. तेव्हा कुठे बोलायला सुचलं तुला?

सुगंधा

बंदरावरच्या बायका भेटायला आल्या. गाडी करून, नटूनथटून, सोबत केळी आणि गोड बिस्किटं. साखरेच्या पेशंटला गोड बिस्किटं! सगळ्या म्हणाल्या, “काळजी घे गो.” ‘काळजी घे’ हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की त्याचा अर्थ ‘बरं, येतो आता’ असा आहे हे मला कळलं. नंतर घरी भेटायला आलेल्यांनी तर काळजी घे म्हणून माझ्याच हातचा चहा घेतला. मी कुबडी काखेत धरून केला.

बाकीच्या बाहेर गेल्या तरी सुगंधा बसून राहिली. तिने माझ्या चादरीखालच्या खड्ड्याकडे बघितलं.

“तुजा पाय तर चांगला शिकलेला व्हता गो,” म्हणाली. “असा कसा झाला?”

तिने ते इतक्या निरागसपणे म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “सुगंधा, पाय वर घे खाटेवर.”

“कशाला?”

“घे तर.”

तिने घेतला. भेगाळलेला, पांढुरका, बर्फाने उकडल्यासारखा. मी म्हटलं, डोळे मीट. ती हसत डोळे मिटून बसली. माझ्या ओढणीला सेफ्टी पिन होती. ती मी काढली आणि तिच्या टाचेच्या पुढे टोचली. मग अंगठ्याखाली. मग मधोमध.

ती डोळे मिटून वाट बघत होती. “काय करतंस? कर ना काय ता.”

“डोळे उघड,” म्हटलं.

तिच्या तळव्यावर रक्ताचे तीन ठिपके होते. ती ते बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला विचारू नका. तिने पदराने तळवा पुसला, चप्पल घातली आणि निघून गेली. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. एकटी मीच का, असं वाटत होतं, आणि आता एकटी नव्हते.

सुगंधा त्यानंतर माझ्याकडे आली नाही. बंदरावर सांगते म्हणे, शमीमने मला टोचलं, तिचं दुखणं माझ्या अंगावर घातलं. पण गमबूट घालते आता. आणि साखर तपासायला गेली होती, हेही मला दुसरीकडून कळलं. आकडा काय आला ते तिने कोणाला सांगितलेलं नाही.

आधी माझा

घरी आले तेव्हा दादी खाटेवर बसून होती. कुबड्यांचा आवाज ऐकून म्हणाली, “आलीस लंगडे? नाझिया नखं चुकीची कापते.”

नाझिया कॉलेज बुडवत होती. दादीचं बोट, दादीचे पाय, दादीचं जेवण, आणि आता माझं ड्रेसिंग. एक दिवस मी तिला घमेल्यात गरम पाणी ओतून स्वतःचे पाय बुडवताना बघितलं. कोपर न लावता. तिला काही आजार नाही, तिचा पाय चांगला आहे, तिने चटका बसताच पाय काढलाही. पण मी एवढी ओरडले की शेजारीण धावत आली. दुसऱ्या दिवसापासून नाझियाला कॉलेजला पाठवलं. घरातलं मी बघते म्हटलं.

डॉक्टरांनी सोडताना सांगितलं होतं, डावाही तसाच आहे, निम्मा बधिर. याला जपलंत तर नकली पायाच्या जोडीने चालाल. हा गेला तर खाटेवर. रोज सकाळी, कोणाचंही काही करायच्या आधी, हा पाय बघायचा. मी विचारलं, “कोणाचंही करायच्या आधी का? नंतर बघितला तर?” ते म्हणाले, “नंतर तुम्ही बघत नाही.”

म्हणून मी नियम केला. उठले की माझं बोट. मग खुर्चीत बसून डावा पाय, खाली नाझियाचा छोटा आरसा. तळवा, टाच, बेचक्या. पुसायचा, तेल लावायचं, बेचक्यांत नाही. मोजा झटकून घालायचा. मग बाकी जग. यात अवघड काहीच नाही. मी हे दुसऱ्याच्या पायाला वर्षानुवर्षं केलेलं आहे.

अवघड होतं ते हाक ऐकून बसून राहणं. दादी रोज बरोबर तेव्हाच हाक मारायची. “शमीम! मना मोरीवर जायाचा हाय!” मी म्हणायची, “थांबा. आधी माझा पाय.” ती शिव्या द्यायची. “पाय हाय का पीर? रोज काय पूजा करतंस?” शेजारणी हसायच्या. फोनवर लतीफ म्हणाला, म्हातारी आहे, तिचं आधी करत जा, पाच मिनिटांनी काय होतंय. मी म्हटलं, तेच तर, पाच मिनिटांनी काय होतंय, तिला थांबू दे.

झालं. एक दिवस ती थांबली नाही.

मी खुर्चीत होते. डाव्या टाचेला एक भेग दिसत होती, नवीन. आदल्या दिवशी नव्हती. आरसा वाकडा करून मी ती नीट बघत होते. दादीने हाक मारली. मी म्हटलं, थांबा. तिने पुन्हा मारली. मी म्हटलं, थांबा म्हटलं ना. मग खाट करकरली आणि आवाज आला. माणूस पडल्याचा आवाज वेगळा असतो, मी हातातला आरसा टाकून उठले आणि विसरले की उजवीकडे पाय नाही. मीही पडले. दोघी दोन खोल्यांत जमिनीवर. मी सरपटत तिच्यापर्यंत गेले. ती ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती.

खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती आता उठायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मोहल्ल्यात काय बोललं गेलं ते मला ऐकू येईल असंच बोललं गेलं. स्वतःचा पाय बघत बसली आणि म्हातारीला पाडलं. मला वाईट वाटतं का? वाटतं. दादीच्या खाटेजवळून जाताना रोज वाटतं. ती मोरीवर जायला उठली होती, आणि मी तिला पाच मिनिटं दिली नाहीत. लोक ‘स्वतःची काळजी घ्या’ म्हणतात तेव्हा हे कोणी सांगत नाही, की ती कोणाच्या तरी वाट्यातून काढावी लागते. आणि तरीही ती भेग होती. त्याच दिवशी कळली म्हणून मलमावर भागलं.

दादीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले. दादी उताणी पडून होती, तिचं अंथरूण ओलं झालेलं वासावरून कळत होतं. मी तिच्याकडे निघाले. आधी तिचं बदलते, मग माझं, असं मनात म्हटलं. आज एक दिवस.

कुबडी तिच्या खाटेजवळ टेकली तशी ती म्हणाली, “पाय बगितलास?”

मी म्हटलं, “बघते नंतर. तुमचं ओलं झालंय.”

“ओला काय पलून जात नाय,” ती म्हणाली. “दोघी पडलो तर हागमूत कोन काढंल? तुजी पोर? जा, बग आधी.”

तिने ते माझ्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, हे मी विचारलं नाही. तीही सांगणारी नव्हे. मी खुर्ची ओढून तिच्या खाटेजवळच बसले. आरसा पडल्याने एका कोपऱ्यात तडकला होता, पण दिसत होतं. मी मोजा काढला, आरसा खाली धरला.

दादी तिच्या ओल्या अंथरुणात तशीच पडून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “काय दिसतो?”

“काही नाही.”

“नीट बग,” म्हणाली.